अपंगत्व पेन्शनसाठी एएफटीत जायचंय, वकील कसा निवडावा?

साताराकर
वडील लष्करातून हवालदार म्हणून जानेवारी २०२२ मध्ये निवृत्त झाले. रिलीज मेडिकल बोर्डाने (निवृत्तीवेळी तपासणारं वैद्यकीय मंडळ) उच्च रक्तदाबासाठी ३०% अपंगत्व आयुष्यभरासाठी लिहिलंय, पण ते सेवेमुळे नाही आणि सेवेत वाढलेलंही नाही असा शेरा मारलाय. क्लेम नामंजूर झाला, पहिलं अपीलही फेटाळलं. ते पत्र येऊन चार महिने झाले. आता आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलमध्ये (एएफटी) जायचंय. एक वकील म्हणतात, फी नको, एरियरचे (थकलेल्या पेन्शनचे) ३०% द्या. दुसरे साताऱ्याचेच आहेत, दिवाणी कामं करतात. कुणाकडे जावं?

खडकी कॅम्प
वकील नंतर, आधी तारखा बघा. पहिल्या अपिलाच्या नकारानंतर, ट्रायब्युनलआधी, दुसरं अपील करायचं असतं आणि त्याला सहा महिने असतात. म्हणजे तुमच्या हातात दोनच महिने आहेत. हे अपील वडिलांच्या सहीने रेकॉर्ड ऑफिसमार्फत (सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) जातं, त्याला वकीलपत्र लागत नाही. पण मसुदा ज्यांना केस देणार आहात त्यांच्याकडूनच तपासून घ्या, कारण इथे लिहिलेले मुद्देच पुढे ट्रायब्युनलमध्ये वाचले जातात. ‘वडिलांनी देशाची सेवा केली, न्याय द्यावा’ एवढंच लिहिलेली अपिलं मी ढिगाने पाहिली आहेत आणि त्यांना एका ओळीत नकार येतो. कोणत्या पोस्टिंगवर, कोणत्या महिन्यात रक्तदाब पहिल्यांदा सापडला आणि त्याआधीची दोन-तीन पोस्टिंग कुठली, हे लिहा.

स्पीड पोस्टची पावती जपून ठेवा. अपील देऊन सहा महिने उत्तर आलं नाही तर तिथून पुढच्या सहा महिन्यांत थेट ट्रायब्युनलमध्ये अर्ज करता येतो. नकार आला तर नकाराच्या तारखेपासून सहा महिने. उशीर झाला तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज जोडावा लागतो. भेटीत या मुदती तुम्ही न विचारता वकिलांनी काढल्या, तर माणूस या कामातला आहे असं समजा.

मुळामुठा
एरियरच्या ३०% वाल्यांना आजच नाही म्हणा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणं वकिलाला चालत नाही. माजी सैनिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘१००% केस जिंकून देऊ’ असे मेसेज फिरतात, वकिलाला अशी जाहिरात करायलाही मनाई आहे. पुष्कळदा पुढे बोलणारा माणूस वकील नसतोच, मधला एजंट असतो. सनद क्रमांक मागा. महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलचा क्रमांक ‘एमएएच’ने सुरू होतो, मग नोंदणीचा अनुक्रमांक आणि वर्ष. आणि पेन्शनच्या खात्याचे सही केलेले कोरे चेक किंवा स्पर्शचा (पेन्शनचं सरकारी पोर्टल) पासवर्ड कुणालाही देऊ नका. केस लढायला या दोन्हींची गरज नसते.

फाइल नंबर
निवड कशावरून करायची ते सांगतो. पहिल्या भेटीत वकील काय मागतात याकडे लक्ष द्या. या कामातला माणूस आधी रिलीज मेडिकल बोर्डाचा फॉर्म (एएफएमएसएफ-१६) मागतो. त्यात सुरुवातीला पोस्टिंगचा तक्ता असतो, प्रत्येक ठिकाणापुढे पीस (शांत ठिकाण) की फील्ड (सीमेवरचं, खडतर) ते लिहिलेलं. शेवटाकडे बोर्डाचं मत असतं. प्रत्येक आजारापुढे सेवेमुळे झाला का, सेवेत वाढला का, याचं हो/नाही आणि शेजारी कारणाचा रकाना. त्या रकान्यात बहुधा एकच ओळ असते, ‘आजाराची सुरुवात पीस स्टेशनवर’ अशा अर्थाची. तुमची केस त्या ओळीवर उभी आहे.

अजून एक. टक्केवारीच्या तक्त्यात ३०% दिसेल आणि शेवटच्या रकान्यात, पेन्शनसाठी पात्र टक्केवारीपुढे, ‘निल’. ते बघून लोक अपंगत्वच शून्य आहे असं धरून बसतात. तसं नाही. ३०% कायम आहेत, फक्त सेवेशी संबंध नाकारल्यामुळे तिथे निल येतं. म्हणून तुमचं भांडण टक्केवारीचं नाही, संबंधाचं आहे. पुन्हा मेडिकल बोर्ड मागूया असं कुणी पहिल्याच भेटीत सुचवलं तर विचार करा, ३०% खाली आले तर नुकसान तुमचं. २०%च्या खाली गेलं तर नियमित निवृत्ती घेतलेल्याला अपंगत्वाचा भाग नियमाने मिळतच नाही.

आता परीक्षेचा प्रश्न. वकिलांना धरमवीर सिंग निकालाबद्दल (सर्वोच्च न्यायालय, २०१३) विचारा. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं आणि संबंध नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची, हे सगळेच सांगतील. मग विचारा, सरकार म्हणेल तो निकाल अपंगत्व पेन्शनच्या पात्रतेच्या १९८२च्या नियमांवर आहे, वडिलांना २००८चे नियम लागतात. त्यावर काय उत्तर देणार? अभ्यास असलेला वकील सांगेल की २००८च्या नियमांतही बोर्डाला कारणं द्यावीच लागतात आणि नुसतं ‘पीस स्टेशन’ हे कारण पुरत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हेच धरलंय. जो २०२३च्या नियमांवर बोलू लागेल त्याने तुमची निवृत्तीची तारीखच नीट वाचलेली नाही, कारण ते नियम २१ सप्टेंबर २०२३पासूनचे.

मुळामुठा
राउंडिंगही विचारा. ५०%च्या आतलं अपंगत्व ५० धरतात, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यावर १००. राम अवतार निकालाने (सर्वोच्च न्यायालय, डिसेंबर २०१४) हे नियमित निवृत्तांनाही लागू झालं. समजा, हिशोबात धरायचा शेवटचा पगार ४५,००० आहे. १०० टक्के अपंगत्वाला त्याचे ३०%, म्हणजे १३,५००. वडिलांच्या ३०% अपंगत्वाला त्यातले ३०% म्हणजे ४,०५०, राउंडिंगने ५०% म्हणजे ६,७५०. वर महागाई भत्ता. दरमहा २,७०० रुपयांचा फरक आहे, म्हणून ही मागणी अर्जात शब्दांत लिहिलेली हवी. मसुदा हातात आला की शेवटचं मागण्यांचं पान आधी वाचा.

एरियरचंही तसंच. तरसेम सिंग निकालामुळे (२००८) उशिरा आलेल्या दाव्यात थकबाकी अनेकदा अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरती मिळते. दोन्ही अपिलांच्या तारखा जोडून निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून मागा.

बंदर रोड
साताऱ्याचे वकील की मुंबईचे? महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा यांचं खंडपीठ मुंबईत आहे. निवृत्त माणूस जिथे राहतो तिथल्या खंडपीठात अर्ज करू शकतो, दिल्ली-चंडीगडला जायची सक्ती नाही. माझं मत स्पष्ट आहे, जो मुंबईत तारखेला स्वतः उभा राहतो तोच वकील घ्या. गावातले वकील पुढे दुसऱ्याला देतात, मधे कागद गहाळ होतात आणि सरकारच्या उत्तरावरचं प्रत्युत्तर वेळेत जात नाही. खंडपीठात एक न्यायिक आणि एक प्रशासकीय सदस्य लागतो, जागा रिकामी असली की तारखा लांबतात. सध्या काय स्थिती आहे, हे रोज तिथे जाणाऱ्यालाच ठाऊक असतं.

खडकी कॅम्प
@बंदर रोड, अर्धं पटलं. गावातल्या वकिलांनी मेडिकल बोर्डाचा फॉर्म नीट वाचला असेल आणि मुंबईच्या वकिलांचं नाव वकीलपत्रावर असेल, तर चालतं. नाव नसेल तर नको.

फी टप्प्यांत ठरवा आणि कागदावर घ्या. अर्ज दाखल करताना एक भाग, प्रत्युत्तरानंतर एक, सुनावणी संपल्यावर एक. सगळ्यात जास्त भांडणं निकालानंतर होतात. आदेश मिळतो, दिलेली मुदत उलटून जाते, सुधारित पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) येत नाही. मग अंमलबजावणीचा वेगळा अर्ज आणि वेगळी फी. ‘सुधारित पीपीओ निघेपर्यंत’ हे शब्द करारात आहेत का ते बघा. सरकार वरच्या कोर्टात गेलं तर त्याची फी वेगळी, हे मात्र रास्त आहे. २०२३पासून उच्च न्यायालयाची वाटही पुन्हा खुली झालीय.

वकील बदलायची वेळ आली तर फीच्या वादावरून ते तुमची कागदपत्रं अडवून ठेवू शकत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलंय. तरी मूळ डिस्चार्ज बुक कुणाला देऊच नका, झेरॉक्स द्या.

साताराकर
मेडिकल बोर्डाचा पूर्ण फॉर्म आमच्याकडे नाही, फक्त नकाराची पत्रं आहेत. आणि शेजारचे काका सीआरपीएफचे आहेत, त्यांनाही याच वकिलांकडे नेऊ का?

फाइल नंबर
फॉर्म माहिती अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडून मागा, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. अर्ज वडिलांच्या नावाने आणि सहीने करा. तुमच्या नावाने केलात तर वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतील. मेडिकल बोर्डाची सगळी पानं, भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी आणि पोस्टिंगचा तपशील, तिन्ही एकाच अर्जात मागा. ३० दिवस धरा, म्हणजे दुसऱ्या अपिलाला जेमतेम महिना उरतो. म्हणून हा अर्ज उद्याच टाका. कागद आले नाहीत तरी अपील मुदतीत द्या, ‘कागदपत्रं मिळाल्यावर पुरवणी देऊ’ असं लिहून.

काकांचं वेगळं. सीआरपीएफ, बीएसएफला एएफटी लागू नाही, त्यांना उच्च न्यायालयात जावं लागतं. तिथे रिट लढवणारा सेवाविषयक वकील हवा. फीची अडचण असेल तर दोघांनीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा, वडिलांनी सोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही.