कोळंबीच्या सालांचे मणी आणि क्रोमियमचा न लागणारा हिशोब

मिरकरवाडा_केमिस्ट:
नमस्कार मंडळी. रत्नागिरीत एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणजे कोळंबीच्या सालांतून कायटोसान नावाचा नैसर्गिक पॉलिमर काढायचा आणि त्याने पाण्यातलं क्रोमियम सहा, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप, ओढून घ्यायचं. सालं जेटीवर फुकट मिळतात. गच्चीवर वाळत घातली तेव्हापासून खालच्या काकू माझ्याशी बोलत नाहीत, ते सोडा. पातळ हायड्रोक्लोरिकमध्ये चुना फसफसून गेला, पातळ कॉस्टिक सोड्यात प्रथिनं गेली, मग 50 टक्के कॉस्टिकमध्ये 100 अंशाला उकळलं. हाती आलेलं कायटोसान 2 टक्के अॅसेटिक आम्लात विरघळवून सिरिंजने कॉस्टिकमध्ये थेंब थेंब सोडलं की भिजल्या साबुदाण्यासारखे मणी होतात.

पहिली फजिती: पीएच 2 ला मणी विरघळून बीकरभर बुळबुळीत खळ झाली. सरांनी ग्लुटराल्डिहाइडने क्रॉसलिंक करायला, म्हणजे पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना बांधायला सांगितलं. आता मणी पिवळट झालेत, पण टिकतात.

दुसरी फजिती अजून चालू आहे. 100 मिली पाणी, लिटरला 50 मिलिग्रॅम क्रोमियम, म्हणजे एकूण 5 मिलिग्रॅम. अर्धा ग्रॅम मणी, 6 तास. क्रोमियमला गुलाबी रंग आणणारं डायफिनाइलकार्बाझाइड घालून तो रंग 540 नॅनोमीटरला वाचला तर पाण्यात फक्त 0.3 मिलिग्रॅम उरलेलं. 94 टक्के! पण तेच मणी कॉस्टिकने धुतले तर जेमतेम 2.3 परत आलं. 2.4 मिलिग्रॅम गेलं कुठे? तीनदा केलं, तीनदा तसंच.

भोसरीकर:
मी तीसेक वर्षं प्लेटिंगच्या शॉपमध्ये काढली, त्यातली निम्मी ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर. पुस्तकी केमिस्ट नाही, पण क्रोमियम कुठे लपतं ते ठाऊक आहे. तुमचा गुलाबी रंग फक्त क्रोमियम सहाला येतो. क्रोमियम तीन समोर बसलेलं असलं तरी त्याला दिसत नाही. आम्ही पीएच दोन-अडीचला आणून मेटाबायसल्फाइट घालायचो, सहाचं तीन होऊन पिवळं पाणी हिरवं व्हायचं. कार्बाझाइड म्हणायचं, सहा संपलं. अहो, पण क्रोमियम तिथेच की! कॉस्टिक घालून पीएच साडेआठच्या आसपास नेल्यावर ते गाळ होऊन खाली बसायचं, तेव्हा कुठे पाणी सुटायचं. पाण्यातलं एकूण क्रोमियम, सहा आणि तीन मिळून, एएएसवर (धातू मोजायच्या अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शन यंत्रावर) मोजून घ्या.

आणि हातमोजे घाला. आमच्या टाकीवरच्या एका माणसाच्या नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलेलं मी पाहिलंय.

मैत्रेयी_प:
भोसरीकरांशी सहमत. माझी पीएचडी याच भानगडीत झाली. पीएच 2 ला क्रोमियम सहा ऋणभारित असतं आणि कायटोसानच्या अमाइनवर (त्याच्यावरच्या नायट्रोजनच्या गटांवर) धनभार येतो, म्हणून ते ओढलं जातं. पण त्या आम्लात क्रोमियम सहा मोठं खादाड ऑक्सिडीकारक आहे. ते तुमच्या पॉलिमरलाच थोडं खातं आणि स्वतः तीन होतं. क्रोमियम तीनवर धनभार, अमाइनवरही धनभार. दोघांचं जमत नाही, म्हणून बरंचसं पाण्यात सुटतं. जे मण्याच्या आत अडकतं ते कॉस्टिकने धुताना हायड्रॉक्साइड होऊन तिथेच बसतं. तेव्हा पाण्यातलं एकूण क्रोमियम तर बघाच, शिवाय धुतलेले मणी नायट्रिक आम्लात पचवून तेही मोजा. हिशोब लागेल.

दुसरं असं की ग्लुटराल्डिहाइड अमाइनलाच धरतं. जास्त घातलं तर मणी दगडासारखे टिकतील, पण क्रोमियम धरायला हातच उरणार नाहीत. कमी-जास्त प्रमाणाचे तीन घाणे करून बघा. पीएच 4 ला पण एक रन घ्या, तिथे हे खाणं बरंच कमी होतं.

विहीरवाले_नाना:
मुलांनो, हे मणी आमच्या विहिरीत टाकले तर चालतील का? आणि पारा पण निघतो का याने?

मैत्रेयी_प:
नाना, विहिरीत काही टाकू नका. आधी पाणी तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे, इथला प्रयोग त्याच्या हजारपटीवर चाललाय. पाऱ्यासाठी पॉलिमरला गंधक असलेले गट जोडतात. वैद्य पारा आणि गंधक खलून काळी कज्जली करतात ना, दोघांची ती जुनी मैत्री.

भोसरीकर:
एक राहिलं. तुमच्या बाटलीतल्या पाण्यात फक्त डायक्रोमेट, म्हणजे क्रोमियम सहाचा क्षार आहे. प्लेटिंगनंतर धुण्याच्या, खऱ्या रिन्सच्या पाण्यात सल्फेट, क्लोराइड, तेल, सगळी जत्रा असते. आमच्याकडे विकतचं अॅनायन रेझिन (ऋणभारित कण धरणारे मणी) होतं, थर्माकोल ज्या पॉलिस्टायरीनचा असतो त्यावरच भारित गट बसवलेलं. तेसुद्धा सल्फेट वाढलं की लवकर भरायचं. तुमच्या पाण्यात एकदा सल्फेट घालून बघा आणि तो आकडा थिसिसमध्ये लपवू नका.

मिरकरवाडा_केमिस्ट:
एएएसचा नंबर आठ दिवसांनी लागला. पाण्यात एकूण 1.4 मिलिग्रॅम! म्हणजे सहा 0.3 आणि तीन 1.1. धुतलेले मणी पचवले तर त्यात 1.2. कॉस्टिकमधलं 2.3 धरून बेरीज 4.9. उरलेलं 0.1 कुठल्यातरी पिपेटच्या टोकाला असेल. 94 टक्क्यांचे 72 टक्के झाले. सरांचा चेहरा पडला, पण आलेख नव्याने काढायला परवानगी दिलीय. पीएच 4 चा रन सोमवारी लावतोय. सल्फेटचा पुढच्या आठवड्यात, कारण सालं संपली आणि काकूंनी गच्चीला कुलूप घातलंय.