लाडकी बहीणचे १५०० आणि कापसाची वेचणी

काळीमाती: फेब्रुवारी २०२५मध्ये न्या. भूषण गवई सुप्रीम कोर्टात म्हणाले की लाडकी बहीणसारख्या फुकटच्या योजनांमुळे महाराष्ट्रात शेतीला मजूर मिळत नाहीत. मला ते शंभर टक्के पटलं. यंदा बोंडं फुटून कापूस लोंबत होता आणि वेचायला बायाच मिळेनात. किलोला १० रुपये कबूल केले, न्यायला-आणायला ऑटो लावला, तरी चौघीच आल्या. मग पाऊस आला, कापूस भिजला, व्यापाऱ्यानं भाव पाडला. घरबसल्या पैसे मिळाल्यावर उन्हात कोण वाकेल?

रानवाट: दादा, कापूस भिजल्यावर कसं वाटतं ते मला ठाऊक आहे. पण महिन्याचे १५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. सिलिंडर आणि गोडंतेल आणलं की संपले. ४० किलो वेचणारी बाई दिवसाला ४०० कमावते, ती ५० साठी घरी बसेल का? माझ्या आईनं पाच हप्ते साठवून शेळी घेतली. वेचणीला ती आजही जाते. फक्त मजुरी महिना-महिना लटकवणाऱ्याच्या शेतात जायचं तिनं बंद केलं. पूर्वी तिला तसं नाही म्हणता येत नव्हतं. मध्य प्रदेशात २०११-१२ला ‘सेवा’ या कष्टकरी बायांच्या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं काही गावांत मोठ्यांना दरमहा २०० आणि मुलांमागे १०० रुपये बिनशर्त दिले होते. लोक आळशी झाले नाहीत. उलट दुसऱ्याच्या बांधावर राबणारे स्वतःच्या रानात जास्त राबू लागले, जनावरं वाढली.

पारावरचा: स्वतःच्या रानात राबायला रान तर हवं! भूमिहीनाचं काय? विधान परिषदेचे सभापती असलेल्या वि. स. पागे यांनी याच राज्यात रोजगार हमी उभी केली, १९७७ला तिचा कायदा झाला. काम मागा, काम मिळेल. त्यातून पाझर तलाव झाले, रस्ते झाले. खात्यात पैसे टाकून गावात काय उभं राहतं? मला तरी कामाचा हक्कच मोठा वाटतो.

रानवाट: हक्क मोठाच आहे. पण गुडघे गेलेल्या बाईनं खडी कशी फोडायची? आणि तिनं घरी केलेलं काम कुठल्या हजेरीपटावर चढतं?

काळीमाती: ताई, तुमच्या आईनं मजुरी बुडवणाऱ्याला सोडलं ते योग्यच केलं. मी संध्याकाळी काटा झाला की रोख देतो, तरी चौघीच आल्या. किलोला १५ दिले तर कदाचित दहा येतील. म्हणजे क्विंटलमागे १५०० एकट्या वेचणीचे. बी, खत, फवारणी वेगळी. सात हजारांच्या भावात ते कुठून काढू?