मदत हवी आहे: भारतातली फार्म.डी. आणि दुकानातला अनुभव यांवर व्हीएमध्ये फार्मसी रेसिडेन्सी मिळेल का?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे व्हीएमध्ये, कुणी फार्मसी रेसिडेन्सी (पदवीनंतरचं वर्षभराचं, स्टायपेंडवरचं प्रशिक्षण) केली असेल किंवा तिथे काम करत असेल तर कृपया या धाग्यावर लिहा. शोधून पाहिलं, पण मराठीत याविषयी कुठेच काही सापडलं नाही. अर्जांची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला संपते, म्हणून आत्तापासूनच तयारीला लागले आहे.

माझं थोडक्यात सांगते. मूळची सातारा जिल्ह्यातली, पुण्यात सहा वर्षांची फार्म.डी. केली. लग्नानंतर विस्कॉन्सिनला आले. एनएबीपीकडून (अमेरिकेतल्या फार्मसी मंडळांची संघटना) कागदपत्रांची छाननी, टोफेल ही इंग्रजीची परीक्षा, एफपीजीईई ही परदेशी पदवीधरांची परीक्षा, मग एफपीजीईसी हे परदेशी पदवीच्या समकक्षतेचं प्रमाणपत्र, इंटर्नशिपचे तास, नॅपलेक्स ही लायसन्सची परीक्षा असं एकेक पार पाडत लायसन्स मिळालं. तेव्हापासून एका साखळी दुकानात फार्मासिस्ट आहे. नवरा अमेरिकन नागरिक असल्याने माझंही नागरिकत्व यंदा झालं. व्हीएचे बहुतेक प्रोग्रॅम नागरिकत्व मागतात, त्यामुळे इतकी वर्षं हा विचारच केला नव्हता.

व्हीएच का, तेही सांगते. आमच्या काउंटरवर व्हिएतनाममध्ये लढून आलेले बरेच आजोबा येतात. त्यांची नेहमीची औषधं व्हीएच्या टपाल फार्मसीतून घरपोच येतात. आमच्याकडे येणं होतं ते लसीसाठी नाहीतर अचानक लागलेल्या अँटिबायोटिकसाठी. एका आजोबांना अर्जंट केअरने को-ट्रायमोक्साझोल लिहून दिलं होतं. या अँटिबायोटिकने वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम फार वाढतो. ते वॉरफरिनवर आहेत हे माझ्या संगणकावर दिसत नव्हतं, कारण ते औषध व्हीएकडून येतं. त्यांनी खिशातून स्वतःच्या हातची औषधांची यादी काढली तेव्हा कळलं. डॉक्टरांना फोन करून औषध बदलून घेतलं, पण पुढे त्यांचा आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची तपासणी) किती आला, त्यांचं काय झालं, हे मला कधीच कळणार नाही. व्हीएमध्ये तोच आयएनआर फार्मासिस्ट स्वतः पाहतो, डोस स्वतः ठरवतो, पुढची तपासणीही स्वतःच लावतो. मला ते काम करायचं आहे.

आणि घरचंही एक कारण आहे. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले. २००३ मध्ये ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना सुरू झाल्यानंतर त्यांची औषधं आणणं आणि कुठली गोळी कधी घ्यायची ते समजावून सांगणं हे काम घरात माझ्याकडे होतं. फार्मसीकडे वळले ती त्यातूनच.

आता प्रश्न. एफपीजीईसीवाल्यांचे अर्ज खरोखर वाचले जातात की पहिल्या चाळणीतच बाजूला पडतात? तीन शिफारसपत्रं लागतात, ती मी कुणाकडून घेऊ? हॉस्पिटलमध्ये मला ओळखणारं इथे कुणीच नाही. मॅडिसन, मिलवॉकी, शिकागोजवळचं हाइन्स आणि नॉर्थ शिकागोचं लव्हेल अशी चार ठिकाणं डोळ्यासमोर आहेत, त्यांत काय पाहून निवड करावी? आणि सगळ्यात अवघड प्रश्न: मुलगी अडीच वर्षांची आहे. फार्मासिस्टचा पूर्ण पगार सोडून वर्षभर रेसिडेन्सीच्या स्टायपेंडवर काढायचं. हा निर्णय तुम्ही घेतला असेल तर नंतर कसं वाटलं?

— सातारची_लेक

वैनगंगा:

नागरिकत्वाबद्दल अभिनंदन! मी मिडवेस्टमधल्याच एका व्हीएत पीजीवाय-१ (रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष) केली. आता तिथेच क्लिनिकल फार्मासिस्ट प्रॅक्टिशनर आहे.

पात्रतेची काळजी करू नकोस. रेसिडेन्सींना मान्यता देणाऱ्या एएसएचपी या फार्मासिस्टांच्या संघटनेच्या मानकातच लिहिलेलं आहे की एसीपीईची (फार्मसी कॉलेजांना मान्यता देणारी अमेरिकी संस्था) मान्यता असलेल्या कॉलेजचा पदवीधर किंवा एफपीजीईसी प्रमाणपत्रधारक, दोघांनाही अर्ज करता येतो. अडचण पुढे येते. अर्ज वाचणाऱ्याला भारतातली फार्म.डी. काय असते याची काहीच कल्पना नसते. तुझ्या सीव्हीत फक्त 'इंटर्नशिप' एवढाच शब्द असेल तर तो त्यावरून पुढे जाईल. सहाव्या वर्षी सहा महिने जनरल मेडिसिन आणि आणखी तीन विभागांत दोन-दोन महिने केलेत ना? मग प्रत्येक वॉर्डात तुझं काम काय होतं, राउंडला काय मांडायचीस, डॉक्टरांनी तुझ्या कुठल्या सूचना मान्य केल्या, हे सगळं लिही. कॉलेजच्या नावापेक्षा वाचणारा हेच शोधत असतो.

शिफारसपत्रांसाठी डिसेंबरपर्यंत वाट पाहू नकोस. पत्र देणाऱ्याला फोरकासवर (रेसिडेन्सी अर्जांची ऑनलाइन व्यवस्था) तुझ्याबद्दल नेमकं लिहावं लागतं: रुग्णाची समस्या कशी सोडवतेस, लेखन कसं आहे, चूक दाखवली तर कशी घेतेस. तुमच्या जिल्हा मॅनेजरने तुझ्या वक्तशीरपणाचं कौतुक करून इथे काही उपयोग नाही. तुमच्या दुकानात फार्मसीचे विद्यार्थी रोटेशनला (प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला) येतात का? येत असतील तर त्यांची प्रीसेप्टर (काम शिकवणारी मार्गदर्शक) हो, म्हणजे कॉलेजमधल्या रोटेशन पाहणाऱ्या शिक्षकांशी ओळख होईल. विस्कॉन्सिनमध्ये फार्मसीची कॉलेजं आहेतच. शिवाय विमा नसलेल्यांसाठी चालणाऱ्या एखाद्या मोफत दवाखान्यात आत्तापासूनच जायला लाग. तिथे तुझं काम जवळून पाहिलेल्या एका डॉक्टरचं आणि एका फार्मसी शिक्षकाचं पत्र मिळालं की निम्मं काम झालं.

वर्ष कसं जातं ते जरा सविस्तर लिहिते, कारण मुलगी लहान आहे म्हणतेस. १ जुलैच्या आसपास सुरुवात होते. फेडरल व्यवस्था असल्याने कुठल्याही एका राज्याचं लायसन्स चालतं, आणि तुझ्याकडे ते आधीच आहे. बाकीच्यांचे पहिले दोन-तीन महिने परीक्षांच्या धास्तीत जातात, तुझे जाणार नाहीत. वर्षभरात इनपेशंट वॉर्ड, प्रायमरी केअर, मानसिक आरोग्य, वृद्धांचं कम्युनिटी लिव्हिंग सेंटर अशी रोटेशन असतात. जोडीला वीकेंडची स्टाफिंग ड्यूटी, एक संशोधन प्रकल्प, औषधवापराचा एक आढावा आणि भाषणं. सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते पॅक्ट क्लिनिकमध्ये, म्हणजे व्हीएच्या प्रायमरी केअर टीमच्या क्लिनिकमध्ये. डॉक्टर, नर्स, सोशल वर्कर आणि फार्मासिस्ट यांची एक टीम ठरावीक रुग्णांची जबाबदारी घेते. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) अशा आजारांत आपल्या कार्यकक्षेत राहून औषध सुरू करणं, वाढवणं, बंद करणं हे फार्मासिस्टच करतो. ऑक्टोबरच्या आसपास मी पहिल्यांदा एकटीने एका आजोबांचं इन्सुलिन वाढवलं, प्रीसेप्टर शेजारच्या खोलीत होत्या. घरी जाऊन रात्रभर त्या आजोबांच्या साखरेचाच विचार केला. दोन दिवसांनी फोन केला तर आकडे हवे तसे खाली आले होते.

मुलाखतीला जाण्याआधी या रुग्णांविषयी वाच. व्हिएतनाम युद्धात फवारलेल्या एजंट ऑरेंज या तणनाशकाशी जोडलेल्या आजारांत टाइप २ मधुमेह पूर्वीपासून आहे. २०२२ च्या पॅक्ट कायद्याने (नाव तेच, पण हा माजी सैनिकांच्या आजारांविषयीचा कायदा) त्यात उच्च रक्तदाबाची भर पडली. पीटीएसडीतल्या (मोठ्या आघातानंतरचा मानसिक त्रास) दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन हे औषध देतात. त्याचा व्हीएतला मोठा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात फायदा दिसला नाही, तरीही २०२३ च्या व्हीए आणि संरक्षण विभागाच्या (व्हीए-डीओडी) मार्गदर्शक तत्त्वांनी दुःस्वप्नांसाठी ते सुचवलं आहे. असं का, यावर मुलाखतीत तुला पाच मिनिटं बोलता आलं पाहिजे. ओपिऑइडवर (अफूवर्गीय वेदनाशामकांवर) असलेल्या रुग्णांना घरी ठेवायला नालोक्सोन हे त्यांच्या जादा डोसवरचं औषध द्यायची मोहीम व्हीएने २०१४ मध्येच सुरू केली, तीही वाचून ठेव.

आणि वॉरफरिनवाल्या आजोबांची हीच गोष्ट अर्जाच्या पत्रात लिही. रुग्णाची ओळख पटेल असं काही नको, एवढं सांभाळ.

ठिकाणांचं म्हणशील तर मॅडिसनचं व्हीए विद्यापीठाच्या हॉस्पिटलला लागूनच आहे, शिकवण्याचं वातावरण चांगलं. लव्हेल व्हीए आणि नौदल मिळून चालवतात, तिथे वृद्धांबरोबर नौदलात नुकतीच भरती झालेली अठरा-वीस वर्षांची मुलंही रुग्ण असतात. तू वॉरफरिन आणि मधुमेहाचं बोलतेस म्हणून विचारते, पुढे पीजीवाय-२ (रेसिडेन्सीचं दुसरं, विशेष विषयाचं वर्ष) ॲम्ब्युलेटरी केअरमध्ये, म्हणजे बाह्यरुग्ण सेवेत, करायची आहे का? तसं असेल तर जिथे पीजीवाय-२ ही आहे तिथेच पीजीवाय-१ कर. अर्ली कमिटमेंटची (तिथलीच पीजीवाय-२ आधी पक्की करण्याची) सोय असली तर पीजीवाय-२ साठी पुन्हा मॅचमध्ये (उमेदवार आणि प्रोग्रॅम यांच्या पसंतीक्रमावरून जागा ठरवण्याची पद्धत) पडावं लागत नाही.

गोदाकाठ:

माझं मत वेगळं आहे. रेसिडेन्सी न करताही व्हीएमध्ये शिरता येतं. लायसन्स आणि नागरिकत्व असलं की यूएसएजॉब्स या सरकारी नोकऱ्यांच्या साइटवर स्टाफ फार्मासिस्टच्या जागांना अर्ज करता येतो. मी आउटपेशंट फार्मसीत तसाच आलो. पूर्ण पगार, फेडरल रजा आणि पेन्शन, शिवाय सीपीआरएसमध्ये (व्हीएची संगणकीय रुग्णनोंद) रुग्णाची सगळी माहिती डोळ्यासमोर. दोन-तीन वर्षांनी क्लिनिकच्या जागांना आतून अर्ज करता येतो.

अर्थात एक गोष्ट मान्य करतो. मी दोनदा आतून अर्ज केला आणि दोन्ही वेळा ती जागा रेसिडेन्सी झालेल्यालाच मिळाली. तुला डोस ठरवायचं काम हवं असेल तर वैनगंगाताई सांगतात तोच रस्ता जवळचा. पण आधी नवऱ्याबरोबर बसून घरखर्च, डे-केअर आणि कर्जाचे हप्ते यांचा वर्षभराचा हिशोब कागदावर मांड, मगच रँक लिस्ट (मॅचसाठी प्रोग्रॅमची पसंतीक्रमाची यादी) बनव. मॅचचा निकाल बंधनकारक असतो. मार्चमध्ये नाव लागलं की 'जमत नाही' म्हणता येत नाही.

मोगरा_न्यूजर्सी:

धाग्याचा विषय थोडा बाजूला नेते, क्षमस्व. मी एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर आधारलेला व्हिसा) आहे, मुंबईहून चार वर्षांची बी.फार्म. २०१४ मध्ये झाली, नंतर एम.फार्म. मला हा रस्ता आहे का?

वैनगंगा:

मोगरा, वाईट वाटतंय सांगायला, पण या रस्त्याने नाही. १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांना एफपीजीईसीसाठी किमान पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम लागतो. त्यात बी.फार्म.ची चार वर्षं बसत नाहीत आणि एम.फार्म. जोडूनही ती भरून निघत नाहीत. इथल्या कॉलेजात फार्म.डी.ला प्रवेश घेणं हाच मार्ग उरतो. काही कॉलेजं जुन्या विषयांची सूट देतात, प्रत्येकाला विचारून पाहा. व्हीएचं म्हणशील तर नागरिक उमेदवार मिळत नसेल तरच इतरांचा विचार होतो, आणि रेसिडेन्सीत ती वेळ फारशी येत नाही. बाकी हॉस्पिटलांच्या रेसिडेन्सीला नागरिकत्वाची अट सहसा नसते, पण व्हिसाचं आधी विचारून घे. एजंटला पैसे मात्र देऊ नकोस, पात्रतेचे नियम एनएबीपीच्या साइटवर आहेत.

सातारची_लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. गोदाकाठदादा, काल रात्री दोघांनी बसून हिशोब मांडला. सासूबाई जुलैपासून सहा महिने येऊ शकतात. त्यांचे सहा महिने आणि साठवलेले पैसे धरले तर वर्ष ओढूनताणून का होईना, निघतंय. त्यामुळे अर्ज करायचं ठरलं. स्टाफ फार्मासिस्टच्या जागांवरही लक्ष ठेवते. मॅचच्या पहिल्या फेरीत नाव लागलं नाही तर दुसरी फेरी आहे, आणि तीही हुकली तर यूएसएजॉब्स.

वैनगंगाताई, पीजीवाय-२ चं खरं सांगायचं तर अजून ठरलेलं नाही. मोफत दवाखान्याला मेल केला आहे, तिथे गुरुवारी संध्याकाळी मधुमेहाचं क्लिनिक असतं आणि त्यांना फार्मासिस्ट हवाच आहे. तिथल्या डॉक्टरांना पत्रासाठी किती दिवसांनी विचारणं बरं दिसेल? ऑक्टोबरच्या शेवटी विचारलं तर घाई वाटेल का?

आणि कुणी डिसेंबरच्या मिडइयरला (एएसएचपीचं अधिवेशन) जाणार असेल तर सांगा. तिथे व्हीएचे सगळे प्रोग्रॅम एकत्र भेटतात म्हणे. विमान आणि हॉटेलचा खर्च करून जाण्यासारखं आहे का, की ऑनलाइन ओपन हाउस पुरेसे होतील? अर्जाच्या पत्राचा मसुदा या आठवड्यात लिहिते आहे. कुणी वाचून मोकळेपणाने लाल खुणा करायला तयार असेल तर व्यनि करा.