गावभागातल्या सव्वाआठ फुटी गॅरेजमध्ये ऑडी टीटी बसेल का?

फियाटवाला_सांगली

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, पण मापं सगळी दिली आहेत.

सांगलीत गावभागात आमचं जुनं घर. बोळाकडच्या अंगाला वडिलांनी १९८४ साली फियाटसाठी गॅरेज बांधून घेतलं. ती फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी, तिची रुंदी १४६० मिलिमीटर, म्हणजे पावणेपाच फूट. वडील दार सताड उघडून उतरायचे आणि तरी भिंतीशी ज्वारीच्या दोन कणग्या उभ्या असायच्या. फियाट २००७ साली गेली, वडील त्यानंतर चार वर्षांनी. गॅरेजच्या फरशीवर तिच्या इंजिनखालचा तेलाचा डाग अजून आहे. आई धुण्याचा सोडा टाकून घासते, तो काही जात नाही.

आता पुण्यात २०१६ ची ऑडी टीटी बघून ठेवली आहे. लाल, दोन दारांची, एका मालकाने वापरलेली. अशी गाडी घ्यायची हे कॉलेजात असल्यापासून मनात होतं. आज वय ४७. पैशांची जुळणी झाली आहे. मालक पंधरा दिवस थांबायला तयार आहेत, टोकन अजून दिलेलं नाही.

गाडीची रुंदी आरसे सोडून १८३२, आरशांसकट १९६६, लांबी ४१७७ मिलिमीटर. गॅरेज आतून सव्वाआठ फूट रुंद (२५१५ मिमी) आणि १७ फूट खोल. रोलिंग शटरचं मोकळं तोंड ७ फूट २ इंच. समोरचा बोळ १४ फूट. बोळातून तोंड करून उभं राहिलं की उजवीकडची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, तिला हात लावता येत नाही. डावीकडची भिंत घराची, दीड फूट जाडीची, दगड-मातीची. घरात जायचं दार त्याच भिंतीत आहे आणि वरचा मजला तिच्यावरच उभा आहे.

गाडी मधोमध उभी केली तर दोन्ही बाजूंना साडेतेरा इंच उरतात. टीटीचं दार लांब आहे, तेवढ्या फटीत मला उतरता येत नाही. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे, पाय दुमडून बाहेर काढायला जागा लागते. गवंडी म्हणतो घराची भिंत आतून चार इंच तासू. भाऊ म्हणतो विश्रामबागला भाड्याने पार्किंग घे. पण गाडी घरात असावी, वडिलांच्या गॅरेजात असावी, ही माझी खरी इच्छा आहे. कुणी असं केलं आहे का?

जांभा_सातारा

गाडी सुंदर निवडली आहे. रुंदीचं इथले जाणकार सांगतील, मी फक्त उंचीचं सांगतो, कारण आम्ही तिथेच फसलो.

आमचं घर साताऱ्यात शाहूपुरीत. रस्ता चढाचा, गॅरेज रस्त्यापेक्षा खाली. मोठ्या भावाने बुटकी, दोन दारांची कूपे आणली आणि पहिल्याच दिवशी गटारावरच्या शहाबादी फरशीला पुढच्या बंपरचा ओठ घासला. तो आवाज अजून कानात आहे. रुंदी आम्ही चारदा मोजली होती, उतार एकदाही नाही. शेवटी दोन फुटी रॅम्प फोडून सात फुटी केला, तेव्हा कुठे गाडी बिनघासता आत गेली. तुमच्या दारात गटार कसं आहे? उंबऱ्याची चढण किती आहे?

फियाटवाला_सांगली

गटार नऊ इंची आहे, वर आरसीसी झाकण. चढण चार इंच, पण ती तीन फुटांत विभागली आहे. गाडी आणायच्या आधी फळी धरून तपासतो. आभारी आहे दादा, हे डोक्यातच आलं नव्हतं.

कुपवाड_फॅब्रिकेटर

दादा, पहिल्यांदा गवंड्याला थांबवा. दगड-मातीची भिंत तासायची नसते. आत दोन तोंडांचे दगड असतात, मधे चिखल-खडी भरलेली. एक तोंड तासलं की दुसरं एकटं पडतं, आणि तुमचा तर वरचा मजला तिच्यावर आहे. चार इंचांसाठी घर धोक्यात घालू नका. मी कुपवाडला २६ वर्षं शटर-गेटचं काम करतोय, अशी तासलेली भिंत पोटातून फुगलेली डोळ्यांनी बघितली आहे.

आता शटर. तुम्ही मोकळं तोंड ७ फूट २ इंच सांगता. मला वाटतं बांधकामातलं तोंड त्याहून मोठं असणार. जुनी शटरं दोन भिंतींच्या मधे बसवायचे, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या गाईडपट्ट्या (शटरची कड ज्यात सरकते त्या) तोंडातली जागा खातात. पट्टी सोडून दगडापासून दगडापर्यंत माप घ्या. ७ फूट ८ इंच भरलं, तर शटर काढून भिंतीच्या आतल्या तोंडावर बसवायचं. आत सव्वाआठ फूट आहे, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेतीन इंच सुटतात. तीन इंची पट्टी त्यात बरोबर बसते. भिंतीचा एक दगड न हलवता सहा इंच मिळाले. आरसे उघडे ठेवूनही दोन्ही बाजूंना सात-सात इंच राहतात.

उतरायचं म्हणाल तर गाडी नाक आत घालून लावूच नका, उलटी घाला. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे. नाक आत घातलं की चालक शेजाऱ्यांच्या भिंतीकडे येतो, तिथे काहीच करता येत नाही. रिव्हर्सने आत घातली की चालक घराच्या भिंतीकडे येतो, आणि त्या भिंतीत तर दार आहे! गाडीचं दार घराच्या दारात उघडेल असं बघा. बोळातून वळायलाही उलटीच बरी. वळतात ती पुढची चाकं, ती बाहेर मोकळ्यात राहिली की नाक हवं तसं फिरवता येतं. समोर कुणाचं गेट असेल तर तेवढ्यापुरतं उघडायला सांगा. या गाडीला पूर्ण वळायला ११ मीटरच्या आसपास लागतात, १४ फुटी बोळात एका दमात वळणार नाही. दोन-तीनदा मागे-पुढे करावं लागेल.

मधोमध लावायची नाही. शेजाऱ्यांच्या भिंतीकडे सरकवून लावायची. कुणी म्हणेल चारच इंच सोडा, पण शटरच्या तोंडाचा कोपरा आत आलेला असतो, तिथे आरसा अडतो. सात इंच सोडा. मग चालकाकडे वीस इंच राहतात.

हे सगळं कागदावर करू नका. खडू घ्या, फरशीवर गाडी पूर्ण मापाने आखा. पुण्याला जाऊन तीन मापं आणा: मागच्या बंपरपासून दाराच्या मोकळ्या टोकापर्यंत किती, दार लांब किती, आणि दाराची खालची कड जमिनीपासून किती. शेवटचं विसरू नका, कारण घराची पायरी मधे येणार. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा दाराच्या मापाचा कापा, बिजागरीच्या जागी खिळा मारा आणि फिरवून बघा. तुमचं घरात जायचं दार मागच्या भिंतीपासून किती फुटांवर आहे?

फियाटवाला_सांगली

काका, तुमचा निरोप वाचून लगेच टेप घेऊन गेलो. दगडापासून दगडापर्यंत बरोबर ७ फूट ८ इंच! एवढी वर्षं त्या शटरखालून ये-जा केली आणि कधी लक्षात आलं नाही.

घरातलं दार मागच्या भिंतीपासून पाच फुटांवर सुरू होतं आणि आठ फुटांवर संपतं. पायरी आठ इंचांची. रविवारी पुण्याला जातोय.

कृष्णाकाठ

गावभाग म्हणालात म्हणून लिहितो. रुंदीचं जमेल, पण पुराचं काय ठरवलंय?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. तुमच्या गॅरेजमध्ये तेव्हा किती होतं हे तुम्हाला आठवत असणारच. आमच्या गल्लीत लोक म्हणत राहिले की २००५ ला इथवर आलं नव्हतं, आता काय येणार, आणि रात्रीतून गाड्या बुडाल्या. २०२१ च्या जुलैत परत तेच. टीटीसारख्या गाडीत बरीच वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलं खाली असतात, सीटपर्यंत पाणी आलं की ती गाडी परत उभी राहत नाही.

नियम एकच ठेवा. इशारा पातळी ४० फूट. आयर्विनला ४० लागले की त्याच तासाला गाडी बाहेर. विश्रामबागेत किंवा मिरजेच्या बाजूला उंचावर कुणाकडे तरी आताच शब्द टाकून ठेवा, त्या दिवशी शोधायला वेळ मिळत नाही. बॅटरी कायम चार्ज ठेवा. ऑटोमॅटिक गाडीची बॅटरी उतरली की ती ढकलूनही निघत नाही, आणि इतक्या अरुंद जागेत टो करणारा आत शिरू शकत नाही. गॅरेजच्या भिंतीत उंचावर एक प्लग घ्या, पावसाळाभर बारीक चार्जर लावून ठेवा.

आणि कुणी फरशी खाली घ्यायला सांगितलं तर अजिबात ऐकू नका. तुमच्याकडे खोलगटात पाणी आधी येतं आणि शेवटी जातं.

फियाटवाला_सांगली

२०१९ ला गॅरेजमध्ये छातीएवढं पाणी होतं. शटरवर चिखलाची रेघ आम्ही अजून पुसलेली नाही. कुपवाड रोडला मावसभावाचा गोडाऊन आहे, त्याला आज फोन करून सांगितलं. तो म्हणाला, जून ते सप्टेंबर एक कोपरा तुझाच.

फियाटवाला_सांगली

(नऊ दिवसांनी)

मापं आणली. मागच्या बंपरपासून दाराच्या टोकापर्यंत साडेचार फूट. दार ४ फूट ५ इंच लांब. खालची कड जमिनीपासून साडेअकरा इंच, म्हणजे आठ इंची पायरीच्या वरून निघून जाते.

काल रात्री जेवण झाल्यावर खडूने गाडी आखली. मागे एक फूट सोडला, शेजाऱ्यांच्या भिंतीकडे सात इंच. पुठ्ठ्याचं दार खिळ्यावर फिरवलं. भिंतीच्या रेषेला ते अडेल असं वाटत होतं, पण टोक सरळ घराच्या दारात शिरलं आणि पुठ्ठा जवळजवळ पूर्ण उघडला. चौकटीपासून इंचभर अंतर राहिलं. मग मी आखलेल्या सीटच्या जागी पाटावर बसलो आणि उजवा पाय पायरीवर टाकून उठून बघितलं. गुडघा कुठेही दुमडावा लागला नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "ते पण असेच घरात पाय टाकून उतरायचे." फियाट वडील उलटीच लावायचे, हे मी साफ विसरलो होतो. मी आखलेल्या बॉनेटखालीच तो तेलाचा डाग आला आहे.

आज टोकन दिलं. फळी धरून उतारही बघितला, नाक घासत नाही. समोरच्या काकू गेट उघडायला आनंदाने तयार आहेत, फक्त दुपारी दोन ते चार नको म्हणाल्या. मागच्या चाकांना अडायला रबरी ठोकळे, आणि चौकटीच्या कडेला जुन्या गादीचा फोम लावतोय.

शटरवाला गुरुवारी येतोय. काका, शेवटचं विचारतो: अडीच इंची गाईडपट्टी मिळते म्हणाला, ती घेतली तर बसवायला अर्धा इंच सैल राहील. घेऊ का?

कुपवाड_फॅब्रिकेटर

नको दादा, तीनचीच घ्या. अडीच इंची पट्टीत शटरचा पत्रा कमी शिरतो, वळवाच्या वाऱ्याला मधे फुगला की कड बाहेर येते, आणि पलीकडे तुमच्या गाडीचं नाक आहे. खालच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी कुलपाची सोय करून घ्या. गुरुवारी सकाळी मी सांगलीतच आहे, पट्टीचा ओळंबा लावताना येऊन जातो.