शिक्षक संघटनेचा पाठिंबा ठरवायचा कुणी? सभासदांनी की जिल्हाध्यक्षांनी?

खडूची_पूड (धागाकर्ता)

परवा आमच्या तालुक्याच्या माध्यमिक शिक्षक संघटनेची सभा झाली. पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर. पावत्या फाडलेले सभासद दोनशेच्या वर. आले एकवीस, त्यातले चार व्यासपीठावर. चहाचा थर्मास शेवटपर्यंत अर्धा भरलेला होता.

याच हॉलमध्ये पतसंस्थेच्या वार्षिक सभेला जिन्यावर उभं राहायला जागा नसते. लाभांश आणि स्टीलचा डबा मिळतो ना! संचालक मंडळाच्या निवडणुकीला तर आजारी माणूससुद्धा रिक्षा करून येतो.

सभेचा विषय होता शिक्षक मतदारसंघ. अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "आपला पाठिंबा ठरलेला आहे, आता सगळ्यांनी कामाला लागायचं." मी विचारलं, कधी ठरला? म्हणाले, जिल्ह्याच्या बैठकीत. बैठकीला कोण होतं? पदाधिकारी. सभासदांना विचारलं होतं का? यावर एक ज्येष्ठ सर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी मधल्या सुट्टीतच घंटा दिली.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 7 शिक्षक मतदारसंघांच्या. पुणे आणि अमरावतीत डिसेंबर 2020 मध्ये निवडणूक झाली होती, म्हणजे तिथली सहा वर्षं 2026 च्या अखेरीस भरतात. आमचा पुणे विभाग म्हणजे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर. मतदार यादी दर वेळी कोरी पाटी घेऊन नव्याने करतात. मागच्या वेळी नाव होतं म्हणून यंदा असेल असं नाही. नमुना 19 भरायचा, आधीच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या वर्गांना शिकवल्याचा मुख्याध्यापकांचा दाखला जोडायचा. संघटनेने करायचं खरं काम हे आहे. घरोघरी नाही, पण शाळोशाळी जाऊन अर्ज भरून घेणं. ते कंटाळवाणं आहे, त्यात फोटो निघत नाहीत, म्हणून ते कुणी करत नाही. उमेदवाराच्या शेजारी हार घालून उभं राहायला मात्र सगळे.

माझं म्हणणं एवढंच. पाठिंबा द्यायचा असेल तर आधी सभासदांचं गुप्त मतदान घ्या. खोका आणि चिठ्ठ्या शाळाशाळांतून फिरवा. आपण वर्गात मॉनिटरसुद्धा चिठ्ठ्या टाकून निवडतो. आणि मतदान घ्यायचं नसेल तर पाठिंबा देऊच नका. फक्त मागण्या लिहून सगळ्या उमेदवारांच्या सह्या घ्या.

---

पंचगंगाकाठ

सर, तळमळ पटली, उपाय नाही पटला.

मी संघटनेचं काम बावीस वर्षं करतोय. या निवडणुकीत पसंतीक्रम असतो, उमेदवारांपुढे 1, 2, 3 असे आकडे लिहायचे, हे तुम्ही सोयीस्कर विसरलात. निवडून यायला वैध मतांच्या निम्म्याहून एक तरी जास्त लागतं. पहिल्या फेरीत कुणाचाच कोटा भरला नाही की खालचे उमेदवार एकेक करून बाद होतात आणि त्यांच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीला जातात. तिथे "एक आम्हाला, दोन त्यांना" हे ठरवून सगळ्यांनी तसंच केलं तर संघटनेला किंमत. तुमच्या चिठ्ठ्यांमधून काय निघणार? साठ याला, पन्नास त्याला, चाळीस तिसऱ्याला. मग उमेदवार म्हणणार, या संघटनेकडे गठ्ठा नाही, सुटे पैसे आहेत.

आणि बोलणी गुप्तच असतात हो. अनुदानाचा पुढचा टप्पा, संचमान्यता (कुठल्या शाळेला किती शिक्षक मंजूर ते), अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन, यावर उमेदवाराकडून शब्द घ्यायचा तर तो चार भिंतींत घ्यावा लागतो. चिठ्ठीचा निकाल आधी जाहीर केला की हातातला पत्ता गेला.

---

जिप_बहुशिक्षकी

तुमचं चालू द्या. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवतो. शिक्षक मतदारसंघात मला मतच नाही. घटनेच्या अनुच्छेद 171 मध्येच लिहून ठेवलंय, माध्यमिक शाळेपेक्षा खालच्या दर्जाच्या शाळेतला शिक्षक चालत नाही. राज्यातले शिक्षक म्हणून मोर्च्याला गर्दी आमची, गाड्या आमच्या, घोषणा आमच्या, आणि "शिक्षक आमदार" तुमचा. पहिलीच्या पोराला अक्षर ओळखायला लावणारा माणूस सरकारदरबारी शिक्षक नाही. बारावीला शिकवणारा आहे.

---

खडूची_पूड

@जिप_बहुशिक्षकी गुरुजी, शंभर टक्के मान्य. आमच्या संघटनेच्या मागणीपत्रात हा मुद्दा कधी वरच्या पाचांत आलेला पाहिला नाही. आम्हाला मत आहे म्हणून आम्ही गप्प.

@पंचगंगाकाठ गठ्ठ्याबद्दल बोलताय, पण गठ्ठा आहे कुठे? दोनशेतले एकवीस येतात, आणि त्या एकवीस जणांच्या जिवावर दोनशे मतांची बोली लागते. उमेदवार काही खुळे नाहीत, त्यांनाही हे कळतं. म्हणून तर ते संघटनेला विचारत नाहीत, थेट संस्थाचालकांना भेटतात. संस्थाचालकाने स्टाफरूममध्ये येऊन "बघा बुवा" म्हटलं की संपलं.

---

विनाअनुदानित_15वर्षं

संस्थाचालकाचा विषय निघालाच आहे म्हणून. मागच्या एका निवडणुकीत मतदानाच्या चार दिवस आधी आमच्या शाळेत एक माणूस आला. हातात कापडी पिशव्या, आत सफारीचं कापड, मॅडम लोकांसाठी साड्या. कुणाकडून, ते मी इथे लिहिणार नाही. तेव्हा मला 20 टक्के टप्प्यावर (म्हणजे सरकारी अनुदान पगाराच्या 20 टक्केच) पगार होता, तोही चार महिने थकलेला. मी पिशवी परत केली आणि घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "परत कशाला केलीत? पोराला पॅन्ट झाली असती." हसू नका. मी हसलो नव्हतो.

मत मात्र मी माझ्या मनानेच दिलं. पण वर्गणी भरूनही संघटनेचा एकही पदाधिकारी आमच्या शाळेत फिरकला नव्हता. पिशवीवाला आला होता.

---

नागपुरी_संत्रा

पाठिंबा देऊन उपयोग होतो की नाही हे बघायचं तर आमच्या नागपूरकडे बघा. डिसेंबर 2022 च्या हिवाळी अधिवेशनात सरकारने सभागृहात सांगितलं, जुनी पेन्शन दिली तर 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल. पुढच्याच महिन्यात शिक्षक मतदारसंघाचं मतदान. भाजपच्या पाठिंब्यावरचे नागो गाणार दोन वेळचे आमदार, तरी पडले आणि सुधाकर अडबाले निवडून आले. प्रचारात दुसरा विषयच नव्हता. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेला, म्हणजे जुनी पेन्शन नसलेला प्रत्येक जण मतदानाला उतरला, कारण म्हातारपणाचा प्रश्न होता. तिथे कुणी चिठ्ठ्या टाकत बसलं नाही.

---

घाटमाथा

अडबाले निवडून आले. पेन्शन आली का?

मार्च 2023 मध्ये 14 तारखेपासून संप झाला. दहावीचे पेपर चालू होते, पालक आमच्यावर चिडलेले. सातव्या दिवशी, 20 तारखेला, नेते आत गेले, बाहेर आले आणि संप मागे. आम्ही मंडपात बसलेलो, आम्हाला मोबाइलवर कळलं. शेजारचे सर म्हणाले, "आपण संपात होतो ना? मग मागे कुणी घेतला?" धागाकर्त्याचा प्रश्न हाच आहे. तो निवडणुकीपुरता नाही.

---

पंचगंगाकाठ

@घाटमाथा त्या संपानेच सरकार हललं हेही लिहा की. मार्च 2024 मध्ये शेवटच्या पगाराच्या 50 टक्के देणारी सुधारित योजना मान्य झाली. ऑगस्टमध्ये केंद्राची एकीकृत पेन्शन आली आणि दुसऱ्याच दिवशी राज्याने ती उचलली, कारण विधानसभा तोंडावर होती. दबावाशिवाय सरकार असं पळतं का?

---

घाटमाथा

पळालं, पण जुन्या पेन्शनच्या दारात नाही पोचलं. जुन्या योजनेत माझ्या पगारातून दमडी कापली जात नव्हती, इथे दहा टक्के कापून घेऊन वर उपकार. आणि त्याआधीच्या डीसीपीएसच्या (पगारातून कापून साठवायच्या अंशदायी पेन्शनच्या) वर्षांचा हिशेब अजून कित्येकांच्या हातात नाही.

---

आकडेमोड

बाहेरच्या राज्यांचं बघा, म्हणजे दोन्ही बाजूंचा थोडा ताप उतरेल. हिमाचलमध्ये 2022 ला काँग्रेसने जुन्या पेन्शनचं आश्वासन दिलं आणि सत्ता आली. सगळे म्हणाले, कर्मचाऱ्यांनी सरकार बदललं. राजस्थानात तेव्हाचे मुख्यमंत्री गेहलोत यांनी आश्वासन नाही, प्रत्यक्ष पेन्शनच दिली. 2023 च्या डिसेंबरात सरकार गेलं. छत्तीसगडातही तेच. महाराष्ट्रात 2024 च्या विधानसभेआधी "व्होट फॉर ओपीएस" (ओपीएस म्हणजे जुनी पेन्शन) म्हणून गावोगाव शपथा घेतल्या गेल्या, आणि महायुतीला प्रचंड बहुमत मिळालं.

विधानसभेच्या मतदारसंघात लाखांनी मतदार असतात, त्यात शिक्षक किती? शिक्षक मतदारसंघात मात्र सगळेच शिक्षक. नागपूरचं गणित विधानसभेला लावायचं नाही, आणि उलटही नाही.

---

एक_पालक

मी शिक्षक नाही. तुमच्यात बोलू का? माझी मुलगी नववीत आहे. गेल्या निवडणुकीत तिचे गणिताचे सर प्रशिक्षणाला, मग बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामाला, मग मतदान केंद्रावर. आता ते उमेदवाराच्या प्रचारालाही जाणार असतील तर त्रिकोणमिती मी शिकवू का? मला तर साइन कॉस आठवत पण नाही.

---

जिप_बहुशिक्षकी

@एक_पालक ताई/दादा, निवडणुकीच्या कामाला आम्ही हौसेने जात नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक या तीन कामांना सूट आहे, नाही म्हणता येत नाही. आदेश आला की आदल्या दिवशी सकाळी साहित्य घ्यायला रांगेत उभं राहायचं, यंत्रं घेऊन एसटीने शेवटच्या गावात जायचं, शाळेतल्या बाकांवर झोपायचं. जी निवडणूक आम्ही पार पाडतो तिच्यात आमचं ऐकून घेणारं कुणी असावं, एवढंच म्हणणं आहे. आणि आम्हा झेडपीवाल्यांना प्रचाराला जाताच येत नाही, 1967 चे वर्तणूक नियम आहेत. जे जातात ते लपून जातात आणि नंतर बदलीच्या वेळी... बरं, 2017 पासून बदल्या संगणकावर गेल्या म्हणून थोडे वाचलो. त्याआधी सभापतींच्या ओट्यावर बसावं लागायचं.

---

निवृत्त_हेडमास्तर

धागा वाचतोय दोन दिवस. पसंतीच्या गणितावर वाद घालणाऱ्यांना एक सांगतो. मी एका मोजणीला होतो. बाद मतपत्रिकांचा गठ्ठा बघून लाज वाटली. कुणी आकड्याऐवजी बरोबरची खूण केलेली, कुणी अक्षरात "एक" लिहिलेलं, कुणी तिथला जांभळा स्केचपेन ठेवून खिशातलं स्वतःचं निळं पेन वापरलेलं. एकाने तर खाली सही ठोकली होती, सवयीने! हे सगळे शिक्षक. वर्षभर मुलांचे "प्रश्न नीट वाचला नाहीस" म्हणून मार्क कापणारे. दुसरी पसंती कुणाला द्यायची हे संघटना ठरवील तेव्हा ठरवील, आधी पहिली पसंती आकड्यात लिहायला शिकवा.

---

पंचगंगाकाठ

@निवृत्त_हेडमास्तर सर, हे मान्य. आमच्या जिल्ह्यात आम्ही नमुना मतपत्रिका छापून शाळांत फिरवणार आहोत.

@खडूची_पूड तुमच्याशी मात्र जमणार नाही. गुप्त मतदान घ्या म्हणता, पण त्या खोक्यात चिठ्ठी टाकायला तरी किती येतील? एकवीसच ना? मग एकवीस जणांनी ठरवलेलं चालतं आणि अकरा पदाधिकाऱ्यांनी ठरवलेलं चालत नाही, यात लोकशाही किती आणि दहाचा फरक किती?

---

खडूची_पूड

प्रश्न झोंबला. दिवसभर उत्तर सुचलं नाही, आता लिहितो.

एकवीस येतात कारण येऊन काही ठरत नाही हे उरलेल्यांना पाठ झालंय. पतसंस्थेला येतात कारण तिथे हात वर केला तर व्याजदर खरंच बदलतो. डब्यासाठी येतात असं मी वर लिहिलं, ते चुकलं. आमच्या सहकारी मॅडमनी वाचून सुनावलं, "सर, डबा तर मी वॉचमनला देते. मी कर्जाचा दर ऐकायला येते."

म्हणून या आठवड्यात मी आणि दोघंजण सात शाळांत गेलो. नमुना 19 चे कोरे अर्ज नेले आणि सोबत एक वही. वहीत एकच प्रश्न: संघटनेने कुणाला पाठिंबा द्यावा, की कुणालाच देऊ नये? सात शाळांत 64 जणांनी लिहिलं. निकाल सांगत नाही, नाहीतर इथेच प्रचार सुरू होईल. पण "कुणालाच नको" हा पर्याय माझ्या अपेक्षेपेक्षा फार मागे पडला. लोकांना पाठिंबा द्यायचाच आहे, फक्त त्यांना विचारलेलं हवंय. म्हणजे माझ्या मूळ धाग्यातलं "नाहीतर देऊच नका" हे माझं एकट्याचं मत निघालं.

एका शाळेत अर्ज अडकलेत. मुख्याध्यापक तीन वर्षांच्या दाखल्यावर सही देत नाहीत, "संस्थेला विचारतो" म्हणतात. नऊ जण आहेत.

---

पंचगंगाकाठ

कुठली शाळा ते इथे नको, व्यक्तिगत संदेशात पाठवा. दाखला देण्यात संस्थेला विचारायचा संबंधच नाही. सोमवारी मी आणि तालुकाध्यक्ष येतो. वही पण आणा, बघू तरी काय लिहिलंय लोकांनी.

---

खडूची_पूड

अर्ज आणतो. वही जिल्ह्याच्या बैठकीतच उघडणार, सगळ्यांसमोर.

---

विनाअनुदानित_15वर्षं

त्या सात शाळांत आमची नव्हती. आमच्याकडे कधी येताय?