मदत हवी आहे: वासांचा त्रास, नागपूरचा उन्हाळा आणि बिल्डिंगचं रंगकाम

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी नागपूरला मनीषनगरकडे राहते, तिसऱ्या मजल्यावर. चार वर्षांपूर्वी घरात फर्निचरचं काम काढलं. सनमायका चिकटवायच्या सोल्युशनचा वास महिनाभर घरात कोंडला आणि तेव्हापासून माझं बिनसलं ते बिनसलंच. फिनाईल, डांबराच्या गोळ्या, लिफ्टमध्ये कुणी मारलेला परफ्यूम, काहीही नाकात गेलं की दहा मिनिटांत डोकं आवळल्यासारखं होतं आणि साधे शब्द सापडत नाहीत. परवा किराणा दुकानात "ती... पिवळी..." एवढंच तोंडातून निघालं. त्यांनी तुरीची डाळ बांधून दिली. हवी होती हरभऱ्याची.

अॅलर्जीच्या तपासण्या, आयजीई (अॅलर्जीची रक्ततपासणी), नळीत फुंकर मारायची ती फुप्फुसांची टेस्ट, सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी 'मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी' (थोड्याशाही रसायनांचा, वासांचा त्रास होणं) असं नाव सांगितलं, दुसऱ्यांनी असा आजारच नसतो म्हणून उडवून लावलं. थोडं वाचलंय मी. मार्क कलेन या अमेरिकन डॉक्टरांनी १९८७ मध्ये याची व्याख्या मांडली, पण निदान पक्कं करणारी टेस्ट अजून नाही. आणि खरं रसायन कोणतं, खोटं कोणतं हे लपवून केलेल्या प्रयोगांत बहुतेकदा रुग्णांना ते ओळखता आलं नाही, हेही माहीत आहे. तेव्हा 'मनाचे खेळ' छाप प्रतिसाद नकोत. मनाचे असले तरी डोकं माझंच दुखतं. समुपदेशनालाही जाते. त्याने घाबरणं कमी झालं, दुखणं नाही.

आता मुद्दा. मे महिन्यात आमच्या बिल्डिंगला रंग आहे. भिंतींचं एक वेळ निभेल, पण ग्रिल आणि जिन्याच्या रेलिंगला ऑइलपेंट, म्हणजे थिनर आलाच. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगते, आमचा खिडकीतला कूलर बाहेरचीच हवा ओल्या वाळ्यातून ओढून आत फेकतो, आणि ती निघायला समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते. म्हणजे खाली ग्रिलला ब्रश लागला की वास थेट माझ्या उशीवर. कूलर बंद ठेवावा तर बाहेर ४५ डिग्री. (गंमत म्हणजे वाळ्याचा वास मला चालतो, उलट बरं वाटतं. का, ते कुणी सांगेल का?)

एसी आतलीच हवा फिरवतो, म्हणून एका खोलीपुरता घ्यावा म्हणते. पण नव्या एसीच्या प्लॅस्टिकचा वास किती दिवस राहतो? एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफा नाही, हे चांगलंच अनुभवलंय. अॅक्टिव्हेटेड कार्बनचा (वाफा शोषून घेणाऱ्या कोळशाचा) मास्क किंवा एअर प्युरिफायर कुणी रंगकामात वापरलाय का, आणि त्यातला कार्बन किती दिवसांनी बदलावा लागला?

सेक्रेटरी काका भले आहेत, पण म्हणाले, "काहून ताई, रंगाचा वास कोणाले येत नाही?" त्यांना पाण्यातलं इनॅमल (थिनरऐवजी पाण्यात कालवायचा लोखंडाचा रंग) सुचवलंय. ते म्हणतात, आपल्या उन्हात टिकणार नाही. विदर्भात कुणी लोखंडी ग्रिलला लावलं असेल तर किती वर्षं टिकलं ते लिहा, मी थेट त्यांना दाखवीन.

माहेरी काटोलला जा, हे घरच्यांनी सुचवून झालंय. तिथे घराला लागून संत्र्याची बाग आहे. फवारणी कुणाला विचारून होत नाही.

भिंतींच्या रंगाचे डबे परवाच जिन्याखाली येऊन पडले. ग्रिलचे अजून आणायचे आहेत, म्हणजे आठवडाभर तरी हातात आहे.