मोठ्या तंत्रज्ञान कंपनीतील मुलाखतीच्या फेऱ्या

प्रश्न (ऐरोली) : अ‍ॅमेझॉनची ऑनलाइन चाचणी मी उत्तीर्ण झालो असून आता एकापाठोपाठ एक मुलाखती होणार आहेत. त्यांतील 'बार रेझर' म्हणजे नेमके कोण, आणि कोडिंगखेरीज कशाची तयारी करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (घोडबंदर रोड, ठाणे) : बार रेझर हा ज्या टीमसाठी भरती चालू आहे तिच्या बाहेरचा, खास प्रशिक्षण घेतलेला मुलाखतकार असतो, जागा लवकर भरण्याची घाई त्याला नसल्यामुळे तो केवळ उमेदवाराचा दर्जा पाहतो आणि त्याला नकाराधिकारही असतो. कोडिंगखेरीज तयारी करायची ती कंपनीच्या नेतृत्वतत्त्वांची, म्हणजे कर्मचाऱ्यांनी कसे काम करावे व निर्णय कसे घ्यावेत यासाठी कंपनीने ठरवलेल्या तत्त्वांची. ती 16 आहेत. 2021 पर्यंत ती 14 होती, म्हणून जुन्या नोट्स तपासून घ्याव्यात. प्रत्येक तत्त्वासाठी स्वतःच्या कामातील एखादा प्रसंग परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम या क्रमाने सांगता आला पाहिजे. आपल्याकडे 'आम्ही केले' असे म्हणण्याची विनयशील सवय असते. तिथे मात्र तुम्ही स्वतः काय केले, हेच विचारतात.

उत्तर (वाशी) : वरील मताशी सहमत आहे. कोडिंगबाबत एवढेच सांगतो की, मी एका कंपनीत उत्तरे पाठ करून गेलो होतो आणि प्रश्नातील एक अट बदलताच गप्प झालो. विचार मोठ्याने बोलून दाखवण्याचा सराव करावा, मग तो ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये मनातल्या मनात का असेना.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. प्रसंग आजपासूनच लिहायला घेतो.